प्रकल्पाचा विषय: आवड शोधायची की प्रश्न?

समोर मुलं आहेत, पालक आहेत, शिक्षकही बरेच दिसताहेत. म्हणजे प्रकल्प करणारे, करवून घेणारे आणि रात्री दहा वाजता चार्ट पेपर शोधत फिरणारे, असे तिघंही आज एकाच सभागृहात आहेत. (हशा)

आजचा विषय तसा छोटा आहे. शाळेत मुलांना सांगतात, ‘या वेळचा प्रकल्प तुझा तू ठरव, तुला मनापासून आवडेल असा विषय घे.’ तर तो घ्यायचा कसा? त्याला काही पद्धत आहे का? माझ्या मते आहे, आणि तीच आज आपण बघणार आहोत.

आधी असे प्रकल्प कुठे करावे लागतात ते बघू. आयबीच्या शाळांमध्ये मिडल इयर्स प्रोग्रामच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे साधारण दहावीच्या वयात, ‘पर्सनल प्रोजेक्ट’ असतो. सुमारे 25 तासांचं काम, आणि विषय विद्यार्थ्याने स्वतःच्या आवडीतून ठरवायचा. आपल्याकडे मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतून जी मुलं पुढे जातात, त्यांना कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून भरते. तिच्यात 10 ते 17 वर्षांची मुलं आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेऊन काम करतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा माणसांबरोबर काम करायचं. याशिवाय शाळाशाळांमध्ये आपापले ‘पॅशन प्रोजेक्ट’ चालू झालेत ते वेगळेच.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये ‘प्रकल्प पद्धती’वर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी अगदी घरगुती उदाहरण दिलं आहे. एक मुलगी ड्रेस शिवते. तो शिवायचं तिने स्वतः मनापासून ठरवलं असेल, आखणी तिने केली असेल, शिवलाही तिनेच असेल, तर तो प्रकल्प. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा प्रकल्पाची ओळख वस्तूवरून ठरत नव्हती. हेतू कोणाचा, यावरून ठरत होती.

आता ही फूटपट्टी आपल्या प्रकल्पांना लावून बघा. ‘प्रदूषण’, ‘पाणी वाचवा’, ‘सौर ऊर्जा’, ‘महाराष्ट्रातील किल्ले’. विषय सगळे चांगले आहेत, कोण नाही म्हणेल? पण यात हेतू कोणाचा असतो? स्टेशनरीच्या दुकानात जाऊन ‘प्रदूषणाचा चार्ट द्या’ म्हटलं की चार्ट मिळतो. मजकूर इंटरनेटवरून, प्रिंट झेरॉक्सवाल्याकडून, चिकटवणारी आई. मुलाचं त्यात काय? नाव आणि हजेरी क्रमांक.

मला याचं वाईट वाटतं ते एका कारणासाठी. दहा वर्षं शाळेत मुलाला दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. प्रश्न पुस्तकाचे, उत्तरं मार्गदर्शकातली. ‘तुझा प्रश्न काय?’ असं शाळा त्याला विचारते ती जवळजवळ एवढीच एक जागा. तीही विकत घेतली, तर आपल्याला प्रश्न पडू शकतो आणि त्याचं उत्तर आपणच काढू शकतो, हे त्या मुलाला कळणार कधी?

‘मला कशाचीच आवड नाही’

पण मुलाला मोकळेपणाने ‘तुला काय आवडतं?’ विचारलं की काय होतं? बरीच मुलं गप्प होतात. मग हळूच म्हणतात, ‘मला अशी कशाचीच आवड नाही.’ आणि तेरा वर्षांच्या मुलाला वाटायला लागतं की इतरांकडे ‘पॅशन’ नावाची काहीतरी वस्तू आहे, ती आपल्यालाच मिळालेली नाही.

या ‘पॅशन शोधा’ प्रकाराबद्दल एक चांगला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन हे त्याचे संशोधक. आवड आपल्या आत तयारच असते, ती फक्त सापडायची असते, असं काही लोक मानतात. आवड हळूहळू वाढवावी लागते, असं काही मानतात. संशोधकांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक रंजक व्हिडिओ दाखवला. सगळ्यांना मजा आली. मग त्याच विषयावरचा एक अवघड वैज्ञानिक लेख वाचायला दिला. ‘आवड सापडते’ असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त ओसरला. कारण सरळ आहे. अवघड गेलं की त्यांना वाटतं, ‘म्हणजे ही माझी खरी आवड नव्हतीच.’

सुझान हायडी आणि अ‍ॅन रेनिंजर या दोघींनी 2006 मध्ये आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. आधी काहीतरी घडतं आणि लक्ष वेधलं जातं. मग परिस्थिती अनुकूल असेल, तर ते लक्ष टिकतं. नंतर माणूस आपणहून त्या गोष्टीकडे परत परत जायला लागतो. आणि शेवटी ती त्याची स्वतःची, पक्की आवड होते. आपण मुलाला पहिल्याच दिवशी चौथा टप्पा दाखव म्हणतो, गडबड होते ती इथे.

सलीम अलींचं उदाहरण घ्या. लहानपणी ते पक्षिप्रेमी वगैरे नव्हते, त्यांना शिकारीची हौस होती. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही कुठली चिमणी, ते त्यांच्या मामांनाही सांगता येईना. मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. त्या दिवशी त्या मुलाकडे काय होतं? आयुष्यभराची आवड नव्हती. ‘हा डाग कसला?’ एवढा एक प्रश्न होता. बाकीचं मागून आलं. पुढे 1930 च्या सुमाराला, मुंबईतली नोकरी सुटल्यावर, ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. ती बघत बसून त्यांनी शोधून काढलं की नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, माद्या येऊन ती तपासतात, आणि पसंत पडलेलं घरटंच पुरं केलं जातं. विषय घराशेजारीच होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: आवड शोधत बसू नका, प्रश्न शोधा. प्रश्नामागे गेलात की आवड तयार होण्याची शक्यता असते. आणि नाही झाली, तरी प्रकल्प तुमचाच राहतो.

प्रश्न कुठे सापडतो?

‘तुला काय आवडतं?’ याऐवजी तीन साधे प्रश्न विचारून बघा. एक, तुला रोज काय खटकतं? दोन, तुला असं काय माहीत आहे जे वर्गात इतर कोणालाच माहीत नाही? तीन, घरात किंवा गल्लीत असं काय चालतं, ज्याचं कारण तुला कोणी सांगितलेलं नाही?

खटकण्यातून काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण केनियातलं आहे. रिचर्ड तुरेरे हा मसाई मुलगा नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहायचा. घरची गुरं सांभाळायचं काम त्याच्याकडे. रात्री सिंह येऊन गुरं मारायचे. त्याने आधी आग लावून बघितली, मग बुजगावणं उभं केलं. सिंह पहिल्या दिवशी घाबरले, दुसऱ्या दिवशी सरावले. एका रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत होता आणि त्याच्या लक्षात आलं की हलत्या प्रकाशाला सिंह बिचकतात. मग जुनी कार बॅटरी, गाडीच्या इंडिकेटरचा डबा आणि टॉर्चचे बल्ब जोडून त्याने आळीपाळीने लुकलुकणारे दिवे केले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. 2013 मध्ये टेडच्या मंचावरून त्याने हे जगाला सांगितलं. त्याला कोणी ‘वन्यजीव संवर्धन’ असा विषय दिला नव्हता. त्याची गुरं मरत होती, हा त्याचा विषय.

दुसरा प्रश्न, म्हणजे ‘तुलाच माहीत असलेलं काय?’, हा मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रकल्प म्हटलं की शहरातल्या, पैसेवाल्या घरातल्या मुलाला फायदा मिळतो, कारण साहित्य विकत आणता येतं. इथे ते उलटं होतं. बीडकडून ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाला कोपी कशी बांधतात, मोळी कशी बांधतात, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे माहीत असतं. इचलकरंजीतल्या मुलीला यंत्रमागाच्या आवाजात माणसं खुणांनी कशी बोलतात ते ठाऊक असतं. ज्या आईची खानावळ आहे, तिच्या मुलाला कुठल्या वारी किती पोळ्या उरतात ते माहीत असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीत एक प्रकल्प आहे, आणि तो दुकानात मिळत नाही.

चार चाळण्या

आता समजा, काहीतरी सापडलं. ते विषय म्हणून घ्यावं का, हे ठरवायला चार चाळण्या आहेत. एकच उदाहरण घेऊन चारही लावून बघू. मुलगा म्हणतो, ‘मला क्रिकेट आवडतं.’

पहिली चाळणी: याला प्रश्नचिन्ह लागतं का? ‘क्रिकेट’ला लागत नाही. मग विचारायचं, क्रिकेटमध्ये तुला खटकतं काय? तो म्हणतो, ‘आमच्या मैदानावर एका टोकाला बॉल नीट उसळतच नाही.’ झालं. ‘आमच्या मैदानाच्या दोन टोकांना टेनिस बॉलची उसळी वेगळी आहे का, असेल तर किती?’ आता प्रश्नचिन्ह लागलं. आणि महत्त्वाचं म्हणजे, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, गूगललाही माहीत नाही.

उत्तर आधी माहीत नसणं किती मोलाचं असतं, ते इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेने दाखवलं. आठ ते दहा वर्षांच्या 25 मुलांनी बो लोटो या शास्त्रज्ञाबरोबर भुंग्यांवर प्रयोग केले. रंग आणि रंगांची मांडणी या दोन्हींवरून कुठल्या फुलात गोड पाणी आहे ते भुंगे शिकू शकतात का, हा प्रश्न. मुलांनी तो कोड्यासारखा मांडला. 2010 च्या डिसेंबरमध्ये त्यांचा लेख ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात आला. आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या, आणि मागे संदर्भांची यादी नाही. खरी माहिती मिळवली होती, म्हणून छापलं.

दुसरी चाळणी: मला तिथपर्यंत पोहोचता येतं का? एकदा नाही, परत परत, कोणी गाडीने न सोडता. मैदान रोजचंच आहे. भिंतीला टेप चिकटवायची, बॉल ठरलेल्या उंचीवरून सोडायचा, घरच्या फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं. प्रत्येक जागी दहा वेळा, म्हणजे एखादा आकडा चुकला तरी सरासरी सांभाळून घेते. त्याला अजून एक गंमत सांगता येईल. टेनिस महासंघाच्या नियमाप्रमाणे नेहमीचा टेनिस बॉल 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर टाकला, तर 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. ‘तुमचा बॉल किती उसळतो?’ असं विचारलं की मुलगा दुसऱ्याच दिवशी मोजून येतो.

तिसरी चाळणी: हातातल्या वेळात हे होईल का? 25 तास म्हणजे आठवड्याला चार तास धरले, तरी सहा आठवडे. ‘महाराष्ट्रातल्या मैदानांचा अभ्यास’ त्यात मावत नाही, एक मैदान मावतं. विषय लहान झाला म्हणून घाबरू नका. लहान विषयातच खोल जाता येतं.

चौथी चाळणी: उत्तराची वाट कोण बघतंय? ‘समाजाला उपयोग’ असं मोघम नको. एक तरी माणूस हवा. इथे टीमचा कॅप्टन आहे, त्याला खेळपट्टीची जागा बदलायची की नाही ते ठरवायचंय. वाट बघणारं माणूस असलं की प्रकल्प अर्धवट सुटत नाही. कारण ते येता-जाता विचारतं, ‘काय रे, झालं का तुझं?’

चारही चाळण्यांतून उतरलं, तरी लगेच वहीत लिहू नका. दोन संध्याकाळ काम करून बघा. दुसऱ्या संध्याकाळी परत जावंसं वाटलं, तर विषय पक्का. नाही वाटलं, तर बदला.

मनाच्या जवळचं, पण उघडं करावं का?

एक गोष्ट शिक्षकांना आवर्जून सांगते. ‘मनाच्या जवळचा विषय घे’ म्हटलं की काही मुलांच्या मनाशी पहिल्यांदा येतं ते दुःख असतं. घरातलं आजारपण, वडिलांचं दारू पिणं, कोणाचं तरी जाणं, कर्ज. मूल ते मांडायला तयार असेल आणि त्याला त्यातून बळ मिळत असेल, तर जरूर घ्यावं. पण वर्गासमोर उभं राहून ते बोलायचंय, भिंतीवर लागणार आहे, कदाचित गुणही मिळणार आहेत, हे त्याला आधी नीट सांगायला हवं. अर्थपूर्ण असण्यासाठी विषय दुःखाचा असावा लागत नाही. आणि मुलाने तो विषय मनातच ठेवला, तर ‘तू मोकळेपणाने बोलत नाहीस’ असं म्हणू नका. त्याला विचारा, याच्या शेजारचा कुठला प्रश्न तुला चालेल? आजोबांच्या आजाराबद्दल बोलायचं नसेल, पण आजोबा बिया कशा साठवायचे, याबद्दल बोलायला तो एका पायावर तयार असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक पालक): माझ्या मुलाला मोबाईलवरच्या गेमशिवाय काहीच आवडत नाही. त्याचा प्रकल्प कसा होणार?

उत्तर: मग गेमच घ्या की! पण ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ असा विषय देऊ नका, तो तुमचा विषय आहे. (हशा) त्याला विचारा, ‘तू कुठल्या लेव्हलला हरतोस, आणि का?’ हरण्याची नोंद ठेवायची, दिवसाची वेळ, किती तास झोप झाली होती, किती वेळ सलग खेळला. तीन आठवड्यांनी तोच सांगेल की रात्री अकरानंतर आपण जास्त हरतो की नाही. काय निघेल ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणूनच तो त्याचा प्रकल्प.

प्रश्न (एक शिक्षिका): माझ्या वर्गात 60 मुलं आहेत. प्रत्येकाशी इतकं बोलणार कधी?

उत्तर: बाई, तुम्ही बोलूच नका. मुलांना एकमेकांशी बोलू द्या. जोड्या करा. एकाने ते तीन प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तरं द्यायची, मग उलट. एक तास पुरतो. शेवटी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचं, शेवटी प्रश्नचिन्ह हवं. चिठ्ठ्या मागच्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवा. तुम्हाला बोलावं लागेल ते फक्त ज्यांची चिठ्ठी कोरी आहे त्यांच्याशी, आणि अशी मुलं फार नसतात. एक पथ्य पाळा. कुठल्याही प्रश्नाला पहिल्या आठवड्यात ‘छान’ किंवा ‘हा काय विषय झाला?’ म्हणू नका. दोन्हींमुळे मुलं प्रश्न सोडतात आणि बाईंना काय आवडेल ते लिहायला लागतात.

प्रश्न (आठवीतली विद्यार्थिनी): मला आमच्या नळाला पाणी कधी कमी दाबाने येतं ते बघायचंय. पण पाण्यावरचा प्रकल्प तर सगळ्यांनीच केलेला असतो. मग माझा वेगळा कसा?

उत्तर: पाण्यावरचा केला असेल, तुझ्या नळावरचा कोणी केलाय? एक बादली घे, घड्याळ घे. बादली भरायला किती सेकंद लागतात ते रोज ठरलेल्या वेळी लिहून ठेव. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीलाही लिहायला सांग. महिनाभराने तुझ्याकडे जो तक्ता असेल, तो तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही नसेल. तो घेऊन त्यांना भेटायला जा, आणि ते काय म्हणाले तेही प्रकल्पात लिही.